आधी हात की आधी मेंदू?

पुणे-सोलापूर महामार्गावरचे कुरकुंभ लोकांना ठाऊक आहे ते एमआयडीसीमुळे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून फिरंगाईमुळे. या गावाच्या आसपासच्या नद्यांवर मात्र मानवाच्या जुन्या इतिहासातली तीन महत्त्वाची ठिकाणे आहेत. उत्तरेला भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात गेले की घोडेच्या काठी इनामगाव लागते. नैर्ऋत्येला कऱ्हेच्या काठी मयूरेश्वराचे मोरगाव. आणि वायव्येला, शिरूरच्याही पलीकडे जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी बोरी. बोरी आणि मोरगावला लाखो वर्षांपूर्वीची मानली जाणारी दगडी हत्यारे मिळाली. इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे मिळाले. पहिल्या दोन ठिकाणी हत्यारे आहेत, ती घडवणाऱ्यांची हाडे नाहीत. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही आहेत.

हा फरक का महत्त्वाचा, ते कळण्यासाठी एक जुना वाद समजून घ्यावा लागतो. माणसाने हत्यारे घडवली हे उघडच आहे, पण हत्यारांनी, विस्तवाने, शेतीने माणसाचे शरीर घडवले का? घडवले असेल तर कोणते बदल आधी झाले, शरीरातले की सवयीतले? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे पुन्हा पुन्हा बदलली आहेत आणि आज तर एकाच वेळी तीन-चार उत्तरे बाजारात आहेत. त्यांचा हा आढावा, जमेल तिथे भीमा-घोडेच्या खोऱ्यातून पाहिलेला.

प्रश्न कुठून आला

सुरुवात डार्विनपासून करावी लागते. १८७१ च्या आपल्या ग्रंथात त्याने एक सुटसुटीत साखळी मांडली. माणूस दोन पायांवर उभा राहिला, त्यामुळे हात मोकळे झाले, हातांनी हत्यारे धरली, हत्यारांमुळे मोठ्या सुळ्यांची गरज उरली नाही, आणि हे सगळे चालवायला मेंदू वाढला. सगळे दुवे एकमेकांना ओढत एकाच वेळी पुढे सरकतात, असे त्याचे चित्र होते. त्यानंतर काही वर्षांतच एंगेल्सने श्रमाने हात घडवला आणि हाताने माणूस, असा निबंध लिहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘हत्यार करणारा तो माणूस’ ही व्याख्या शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसली होती. १९६४ मध्ये लुई लीकी, फिलिप टोबियस आणि जॉन नेपियर यांनी टांझानियातल्या ओल्डुवाईच्या जीवाश्मांना होमो हॅबिलिस, म्हणजे हुन्नरी माणूस, असे नाव दिले तेही याच विचाराने.

साखळी तुटली ती हळूहळू. १९६० मध्ये गोंबेच्या जंगलात जेन गुडॉलने चिंपांझीला काडी घालून वारुळातली वाळवी काढताना पाहिले. १९७४ मध्ये इथिओपियात ३२ लाख वर्षांपूर्वीची ल्यूसी सापडली आणि पुढच्या काही वर्षांत टांझानियातल्या लाएटोलीला ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले राखेत उमटलेली दिसली. ही माणसांची दूरची पूर्वज मंडळी दोन पायांवर नीट चालत होती, मेंदू मात्र चिंपांझीएवढाच होता. म्हणजे उभे राहणे खूप आधी झाले आणि मेंदू कितीतरी नंतर वाढला.

मग हत्यारे या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसवायची? केनियातल्या लोमेक्वीला ३३ लाख वर्षांपूर्वीची ओबडधोबड दगडी हत्यारे मिळाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. होमो या वंशाचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे २८ लाख वर्षांचे. लोमेक्वीचे वय खरे धरले तर हत्यारे माणसाच्या वंशाहून जुनी ठरतात. लोमेक्वीच्या थरांबद्दल शंका घेणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांच्या शंका फेटाळण्यासारख्या नाहीत. पण २०२३ मध्ये केनियातल्याच न्यायांगाला २६ ते ३० लाख वर्षांच्या दरम्यानची हत्यारे पॅरॅन्थ्रोपस या मोठ्या दाढांच्या, आपल्या वंशाबाहेरच्या प्राण्याच्या दातांसोबत मिळाली. हत्यार घडवण्याची मक्तेदारी एकाच वंशाकडे होती, असे आता फारसे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

पोट आणि विस्तव

मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण बसल्या बसल्या तो शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. असला खर्चिक अवयव वाढवायचा तर कुठेतरी काटकसर हवी. १९९५ मध्ये लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी सुचवले की ही काटकसर आतड्यांत झाली. मांस, मज्जा असा सकस आहार मिळू लागल्यावर लांबलचक आतडी गरजेची उरली नाहीत, आणि त्यांची ऊर्जा मेंदूला मिळाली. हा आहार मिळवून देणारे साधन होते दगडाचे धारदार पाते. कातडे फाडायला, हाड फोडायला आपले दात पुरे पडत नाहीत.

रिचर्ड रँगहॅमचे म्हणणे याच्या एक पाऊल पुढचे. खरी कलाटणी मांसाने दिली नाही, शिजवण्याने दिली, असे तो २००९ च्या पुस्तकात मांडतो. शिजलेले अन्न चावायला कमी वेळ लागतो आणि पचायला कमी ऊर्जा. होमो इरेक्टसचे दात आणि जबडा आधीच्यांपेक्षा लहान झालेले दिसतात, ते चुलीमुळे असे त्याला वाटते.

दोन्ही मांडण्या आकर्षक आहेत आणि दोन्हींच्या अडचणी ठरलेल्या आहेत. २०११ मध्ये शंभर सस्तन प्राण्यांची तुलना झाली तेव्हा मोठा मेंदू आणि लहान आतडी यांचा थेट संबंध दिसला नाही. विस्तवाचा भक्कम पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि इरेक्टस त्याच्या जवळजवळ दुप्पट जुना. मधल्या काळात चूल पेटलीच नव्हती, की राख टिकली नाही? उघड्या माळावर पेटवलेल्या विस्तवाची खूण पहिल्या दोन-चार पावसांत धुऊन जाते, हे लक्षात घेतले तर पुरावा नसण्यावर फार वजन टाकता येत नाही. पण म्हणून नसलेला पुरावा आहे असेही म्हणता येत नाही. रँगहॅमचे समर्थक ही सीमा थोडी सहज ओलांडतात, असे मला वाटते.

हातकुऱ्हाडीचे कोडे

आता भीमेच्या खोऱ्यात आणि त्याच्या शेजारी येऊ. बोरीला, मोरगावला, आणि प्रवरेकाठी नेवाशाजवळच्या चिरकीला जी जुनी हत्यारे मिळाली ती अशूलियन परंपरेतली आहेत. त्यांतली मुख्य दोन म्हणजे टोकदार, दोन्ही बाजूंनी घडवलेली हातकुऱ्हाड आणि सरळ रुंद धारेची फरशी. चिरकीला १९६६ ते १९६९ या काळात गुड्रुन कोर्व्हिनस या जर्मन विदुषीने उत्खनन केले. तिच्या नोंदींतून आपल्या दख्खनच्या दगडाशी त्या माणसांचे नाते फार बारकाईने दिसते.

आपल्याकडे सगळीकडे काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पण सगळा काळा पाषाण हत्याराच्या लायकीचा नसतो. पोकळ्यांचा, मुरमाड दगड घाव घातला की भुगा होतो. लाव्हाच्या थरांना चिरत गेलेल्या डाइकचा दगड मात्र घट्ट आणि बारीक पोताचा असतो. चिरकीच्या कारागिरांनी तो निवडला. आधी मोठ्या धोंड्यावर जोराचा घाव घालून वीतभर लांबीचा छिलका उडवायचा. फरशी करायची असेल तर हा छिलका असा काढायचा की त्याची एक कड निसर्गतःच सरळ आणि धारदार येईल. ती कड तशीच ठेवून बाकीच्या बाजू ठोकून मुठीत बसतील अशा करायच्या. याचा अर्थ, धोंड्यावर पहिला घाव पडण्याआधीच शेवटचा आकार डोक्यात असावा लागतो. पहिला घाव चुकला तर पुढचे सगळे फुकट.

इथे वादाला तोंड फुटते. डीट्रिच स्टाउट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आजच्या कारागिरांना हातकुऱ्हाड घडवायला लावून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. साधा छिलका काढताना आणि हातकुऱ्हाड घडवताना मेंदूचे वेगवेगळे भाग जागे होतात, आणि दुसऱ्या कामात भाषेशीही संबंध असलेले भाग अधिक कामाला लागतात. त्यावरून हातकुऱ्हाड आणि वाक्यरचना यांची क्षमता एकमेकींना ओढत वाढली असावी, असा तर्क निघतो. २०१५ मध्ये एका गटाने शिकवण्याचे प्रयोग केले. नुसते पाहून शिकणाऱ्यांपेक्षा बोलून शिकवलेल्यांनी दगड फोडण्याचे काम चांगले उचलले.

विरुद्ध बाजूचा मुद्दा चिकट आहे. पूर्व आफ्रिकेत सुमारे १७.६ लाख वर्षांपूर्वी सुरू झालेली हातकुऱ्हाड दहा लाख वर्षांहून अधिक काळ मूळ आकारात टिकून राहिली, आणि आफ्रिकेपासून दख्खनपर्यंत ती ओळखू येते. जी गोष्ट शिकवून पुढे जाते ती बदलत जाते. घरोघरच्या पाककृती पाहा. मग इतकी एकसारखी गोष्ट शिकवलेली कशी? २०१६ मध्ये रेमंड कॉर्बे आणि सहकाऱ्यांनी विचारले की हातकुऱ्हाडीचा काही भाग पक्ष्याच्या गाण्यासारखा, जनुकांतून आलेला असेल का? क्लाउडिओ टेनीसारखे संशोधक म्हणतात की जुन्या हत्यारांपैकी बरीचशी प्रत्येकाला स्वतःहून पुन्हा शोधता येण्याजोगी होती. खरी साचत जाणारी संस्कृती खूप नंतरची.

बहुतेक पुरातत्त्वज्ञांना ही जनुकांची कल्पना पटत नाही. जागोजागच्या दगडाप्रमाणे पद्धत बदलली, तर त्यामागे निवड आणि अनुभव आहे, असे त्यांचे उत्तर. चिरकीची फरशी आणि बेसाल्ट नसलेल्या तामिळनाडूतली क्वार्ट्झाइटची हातकुऱ्हाड शेजारी ठेवली तर हा मुद्दा लगेच पटतो. आकार तोच, पण दगडाला वळवण्याची रीत वेगळी. माझा कल या बाजूला आहे. तरी आकारच इतका का टिकला, याचे समाधानकारक उत्तर या बाजूकडेही नाही.

बोरीची राख

हातकुऱ्हाड कोणी घडवली हे ठरवायचे तर ती केव्हाची हे आधी कळायला हवे. भारतात या बाबतीत महाराष्ट्राचा घोळ सर्वांत मोठा आहे आणि त्याचे केंद्र आहे बोरी.

१९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर दिसला. पांढुरकी, काचेच्या सूक्ष्म कणांची ही राख आपल्या दख्खनच्या लाव्हाची नाही. दख्खनचा लाव्हा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला. ही राख समुद्र ओलांडून सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून आलेली. तिच्या सोबतच्या खडीत अशूलियन हत्यारे होती. राखेचे वय काढता येते, मग हत्यारांचेही आपोआप कळेल, अशी आशा होती.

रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा, शरद राजगुरू आदींनी १९८९ मध्ये जाहीर केलेले वय होते सुमारे १४ लाख वर्षे. ते खरे ठरले असते तर पुणे जिल्हा आशियातल्या सर्वांत जुन्या मानवी वस्त्यांच्या यादीत वरच्या जागी गेला असता. १९९५ मध्ये वेगळ्या पद्धतीने केलेल्या मोजणीत वय आले सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे. आणि १९९८ मध्ये जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी राखेच्या काचेचे रासायनिक पृथक्करण करून सांगितले की भारताच्या द्वीपकल्पात सापडलेली टोबाची सगळी राख एकाच, सर्वांत अलीकडच्या स्फोटाची आहे. म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची.

१४ लाख, पावणेसात लाख, पाऊण लाख. एकाच थराचे वय विसाएक पटींच्या फरकाने सांगितले गेले, आणि प्रत्येक आकड्यामागे जबाबदार माणसे होती. ७५ हजार हा आकडा मान्य केला तर दोन शक्यता उरतात. एक, जगात इतरत्र हातकुऱ्हाड संपून गेल्यावरही कुकडीच्या काठी ती चालूच होती. दुसरी, नदीने जुनी खडी कोरून केलेल्या खोबणीत नवी राख येऊन बसली, आणि हत्यारे राखेपेक्षा कितीतरी जुनी आहेत. नदीकाठच्या थरांत असे होणे मुळीच अवघड नाही. पावसाळ्यानंतर ज्याने ओढ्याची बदललेली वाट पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

मग लक्ष मोरगावकडे वळले. तिथेही कऱ्हेच्या काठी राख आणि हत्यारे जवळजवळ आहेत. २००७ मध्ये सतीश सांगोडे, शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी बोरी-मोरगावसारख्या ठिकाणच्या गाळातले चुंबकीय गुणधर्म मोजले. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे उलटले ते सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. त्यांना काही थर उलट ध्रुवाच्या काळातले दिसले, म्हणजे ते त्याहून जुने. टोबाचा एक जुना स्फोटही साधारण आठ लाख वर्षांपूर्वीचा आहे, त्यामुळे हा आकडा राखेशीही जुळू शकतो. रासायनिक पुरावा एका बाजूला, चुंबकीय दुसऱ्या बाजूला.

महाराष्ट्रात हा घोळ सुटत का नाही, त्यामागे भूशास्त्राचे एक साधे कारण आहे. गाळाचे वय काढण्याच्या बऱ्याच आधुनिक पद्धती क्वार्ट्झच्या कणांवर चालतात. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतो, म्हणून आपल्या नद्यांच्या गाळातही तो तुटपुंजा. तामिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी जमिनीत पुरलेल्या क्वार्ट्झाइटच्या हत्यारांचेच वय काढले आणि ते दहा ते पंधरा लाख वर्षांच्या दरम्यान आले. चिरकीच्या किंवा बोरीच्या काळ्या दगडावर तसे करता येत नाही. म्हणून एका राखेवर इतका भार पडला.

हत्यारे आहेत, माणूस कुठे?

या खोऱ्यांत जनावरांचे जीवाश्म मिळाले आहेत, पण त्या काळच्या माणसाचे एकही हाड नाही. अख्ख्या भारतात हातकुऱ्हाडीच्या काळाशी जोडता येणारी ठळक कवटी एकच. १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना नर्मदेकाठी हथनोऱ्याला ती मिळाली. आधी ती होमो इरेक्टसची म्हटली गेली, नंतर अनेकांनी तिला त्यापुढच्या टप्प्यात टाकले. एका कवटीवर सगळ्या देशाचा विचार रचावा लागतो, तेव्हा तिच्या नावाबद्दल भांडणे होणारच.

म्हणून ‘शरीर आणि हत्यार बरोबरच बदलले का’ हा प्रश्न जुन्या काळासाठी भारतात थेट तपासताच येत नाही. हत्यारांवरून माणूस ओळखावा लागतो आणि ती पद्धत घसरडी आहे. २००३ मध्ये इंडोनेशियात सापडलेल्या होमो फ्लोरेसिएन्सिसचा मेंदू सुमारे ४०० घन सेंटिमीटरचा, तरी तिथे दगडी हत्यारे आहेत. अत्तिरमपक्कमला हातकुऱ्हाड मागे पडून लहान छिलक्यांची मध्य पुराश्मयुगीन पद्धत सुरू झाली ती सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. आधुनिक मानव भारतात यायच्या कितीतरी आधी. नवी पद्धत आली म्हणजे नवा माणूस आला, या समीकरणाला हा मोठा धक्का होता.

आधुनिक मानव इथे केव्हा आला यावरही दोन तट आहेत. मायकेल पेट्राग्लिया आणि कोरीसेट्टर यांना आंध्रातल्या ज्वालापुरमला टोबाच्या राखेच्या खाली-वर सारखीच हत्यारे दिसली, म्हणून ते म्हणतात स्फोटाआधीच. पॉल मेलर्स आणि शीला मिश्रा यांच्या मते बारीक पात्यांची हत्यारे हीच खरी खूण, आणि ती नंतरची. महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याचे कोरलेले कवच मिळाले ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. तोवर इथे कोण होते याबद्दल वाद उरत नाही. दख्खनच्या माळावर शहामृग होते आणि त्यांच्या अंड्यांवर नक्षी काढणारी माणसेही होती.

इनामगावची मुले

हाडांची वाट पाहायची तर थेट इ.स.पू. १६०० पर्यंत थांबावे लागते. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इनामगावला उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, मधुकर ढवळीकर, झ. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. वस्तीचे तीन टप्पे दिसले: माळवा, त्यानंतर आरंभीचा जोर्वे आणि शेवटी, इ.स.पू. १००० ते ७०० च्या सुमाराचा, उत्तर जोर्वे. जव हे मुख्य पीक, सोबत गहू आणि कडधान्ये, गोठ्यात गुरे. तांबे जवळजवळ चैनीचे. रोजची धार गारगोटीच्या पात्यांचीच. म्हणजे जी हस्तकला कुकडीकाठी काळ्या दगडातून सुरू झाली होती, तिचे अगदी बारीक, सफाईदार रूप घोडेच्या काठी शेतकऱ्यांच्या हातात होते.

मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांना उताणे निजवून, आणि पावले घोट्यापासून तोडून. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असा तर्क केला जातो. लहान मुलांसाठी दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि मूल त्यांच्या आत. या प्रथेमुळे एरवी मातीत विरून जाणारी तान्ह्यांची हाडे आणि दात टिकले. साऱ्या जगात इतक्या संख्येने लहान मुलांचे सांगाडे देणारी त्या काळची ठिकाणे थोडीच आहेत.

त्यांवर जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी वर्षानुवर्षे काम केले. दाताचे इनॅमल थराथराने साचते. मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले की ते साचणे अडखळते आणि तिथे रेघ किंवा खळगी राहते. हाड पुढे दुरुस्त होते, इनॅमल होत नाही. दुधाच्या सुळ्याच्या पुढच्या बाजूवर कधीकधी एक छोटी गोल खळगी दिसते. सुळ्याचा तो भाग बाळ काही महिन्यांचे असतानाच घडतो. त्यामुळे तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईचे दूध पुरत होते का, घरात दुष्काळ होता का, याची पुसट नोंद त्या खळगीत वाचता येते.

वाचन मात्र एक नाही. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर भिस्त वाढली. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाल्याने हे झाले. दातांवरून काही अभ्यासकांना वाटले की या भटक्या राहणीमुळे मुलांवरचा ताण कमी झाला असावा. शेती सुटली ते बरेच झाले, असा अर्थ त्यातून निघतो. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या पुस्तकात हाडांची वाढ आणि मृत्यूंची वये तपासली, तेव्हा चित्र उलटे दिसले: उत्तर काळात बाळंतपणे जास्त, बालमृत्यू जास्त, वाढ खुंटलेली. आणि दुष्काळ हे एकमेव कारण मानायलाही त्या तयार नाहीत.

दोन्ही वाचने एकाच वेळी खरी असू शकतात का? जगभर या गोष्टीला एक नाव आहे, हाडांचा विरोधाभास. आजाराची खूण हाडावर उमटायला माणूस काही काळ तरी जगावा लागतो. झटकन मेलेल्याचे हाड निरोगी दिसते. इनामगाव हा या विरोधाभासाचा आपल्या दारातला नमुना आहे. शेतीने माणसाचे भले केले की वाटोळे, अशा घोषणा करणाऱ्यांनी आधी हे सांगाडे पाहावेत, एवढे मात्र म्हणता येईल.

दूध, पीठ आणि रक्त

जुन्या काळात संस्कृतीने शरीर बदलले का, याचा वाद चालूच राहील. गेल्या दहा हजार वर्षांत मात्र ते झाले, याबद्दल मतभेद नाहीत. लुईजी काव्हाली-स्फोर्झा आणि मार्कस फेल्डमन यांनी १९८१ मध्ये, रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचर्सन यांनी १९८५ मध्ये याची गणिते मांडली. दुधाचे उदाहरण सर्वांत परिचित. बहुतेक सस्तन प्राणी मोठे झाल्यावर दुधातली साखर पचवू शकत नाहीत. काही मानवसमूहांत ही क्षमता आयुष्यभर टिकवणारा जनुकीय बदल पसरला तो पशुपालनानंतर. २०१२ मध्ये आयरीन गॅलेगो रोमेरो आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या समूहांचा अभ्यास केला. युरोपात आढळतो तोच बदल इथेही आहे. वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे जाता जाता कमी.

महाराष्ट्र या उताराच्या मध्यावर. गुरे आणि मेंढरे पाळणारी दख्खनची पुष्कळ माणसे दूध कसे पचवत होती? त्याचे एक उत्तर चुलीशेजारच्या भांड्यात आहे. दुधाला विरजण लागले की साखरेचा बराच भाग जिवाणू खाऊन टाकतात. दही आणि ताक हे जनुकाशिवाय दुधाचा लाभ घेण्याचे साधन आहे, म्हणजे इथे संस्कृतीने शरीरावरचा दाब वाढवण्याऐवजी कमी केला. २०२२ मध्ये रिचर्ड एव्हरशेड यांच्या गटाने युरोपसाठी असेच दाखवले: तिथेही लोक हजारो वर्षे दूध वापरत होते आणि जनुक पसरले ते त्यानंतर, बहुधा दुष्काळ आणि रोगराईच्या रेट्याने.

पिष्टमय अन्न पचवणाऱ्या लाळेतल्या जनुकाच्या जादा प्रती शेतीमुळे आल्या, हे २००७ नंतर बरेच मान्य झाले होते. २०२४ मध्ये एका अभ्यासाने या प्रतींचा उगम आठ लाख वर्षांहूनही मागे नेला. शेतीने त्या नव्याने घडवल्या नाहीत, आधीच असलेल्यांची निवड केली. आणि सिकलसेलचा मुद्दा महाराष्ट्रात पुस्तकी नाही. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तो घराघरातला प्रश्न आहे. जंगल तोडून शेती केली की साचलेल्या पाण्यात डास वाढतात, मलेरिया वाढतो आणि मलेरियापासून थोडे संरक्षण देणारे सिकलसेलचे जनुक टिकते, असे फ्रँक लिव्हिंगस्टोनने १९५८ मध्ये पश्चिम आफ्रिकेबद्दल मांडले. भारतातला सिकलसेल स्वतंत्रपणे उगवला असे बरेच अभ्यासक मानतात. त्याच्यामागेही शेतीच होती का, हे अजून ठरायचे आहे.

कुठे अडले आहे

एका बाणाने दाखवता येईल असे उत्तर आता कोणी शोधत नाही. आधी पाय, मग हत्यार, मग मेंदू, त्यानंतर केव्हातरी भाषा, एवढा क्रम साधारण मान्य आहे. पण हत्यार आणि मेंदू यांच्यातली ओढाताण कोणत्या टप्प्यावर घट्ट होती आणि कुठे सैल, यावर सहमती नाही. मेंदूच्या प्रतिमा आजच्या माणसाच्या आहेत, इरेक्टसच्या नव्हेत, ही त्या पुराव्याची मर्यादा त्याचे पुरस्कर्तेही मान्य करतात.

भीमेच्या खोऱ्यापुरते बोलायचे तर दोन कामे समोर आहेत. मोरगावच्या राखेचे रसायन आणि त्याखालच्या गाळाचे चुंबकत्व यांचा मेळ एकाच उत्खननात, एकाच उभ्या कापात घालणे हे पहिले. हातकुऱ्हाड इथे आठ लाख वर्षांपूर्वीची ठरली की पुढे तिचा घडवणारा कोण, हा प्रश्न तरी नीट विचारता येईल. दुसरे काम इनामगावचे. उष्ण हवेत जुना डीएनए टिकत नाही. हडप्पाकालीन राखीगढीच्या एका स्त्रीचा जीनोम २०१९ मध्ये वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांना मिळाला तोही मोठ्या मुश्किलीने. प्रथिने आणि चरबीचे अंश मात्र जास्त काळ तग धरतात. गुजरातमधल्या कोटडा भडलीच्या हडप्पाकालीन मडक्यांत दुग्धजन्य पदार्थांचे अंश ओळखता आल्याचे २०२० मध्ये कल्याण शेखर चक्रवर्ती यांनी दाखवले. जोर्वे संस्कृतीची खापरे आणि इनामगावकरांच्या दातांवरचे कीटण याच पद्धतीने तपासता येते. घोडेच्या काठी गुरे मांसासाठी होती, नांगरासाठी होती की दुधासाठी, आणि दुधासाठी असली तर ते तसेच पीत होते की विरजून, याचे उत्तर तिथून मिळू शकते.